एका दिवसाच्या मजुरीत किती लिटर

१२ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला, असं दादा म्हणेलच. पण फोन लावला की तू तो टेबलावर ठेवून आवाज मोठा करतेस आणि अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसतात. मी तुला विचारते अण्णा कसे आहेत, आणि उत्तर अण्णाच देतात की उत्तम. अशाने मला खरं कधी कळायचं? तेव्हा खरं ते पत्रात लिहायचं आणि फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायचं, असं ठरवू या.

माझे वडील तू पळवून नेलेस त्याला आता महिना होत आला. त्यांचा तिकडे राहण्याचा परवाना मार्चअखेर संपतो. त्याआधी त्यांना कायमचं ठेवून घ्यायचा अर्ज करायचं तुमच्या मनात आहे, हे मला माहीत आहे. अण्णा त्यावर 'बघू' म्हणालेत, हेही दादाने सांगितलं. मग मीही आधीच स्पष्ट सांगून ठेवते, म्हणजे मागून कुरकुर नको. मला ते परत हवेत. आई गेल्यापासून ते माझ्याकडे होते. मी शाळेची पोरं पोचवून व्हॅन दारात लावली की ते खिडकीतूनच विचारायचे, आज किती भरलंस आणि कितीला. आता कोणी विचारत नाही. आमचे हे विचारतात, पण त्यांना उत्तर ऐकायचं नसतं.

ते गेल्यापासून पेट्रोल दोनदा वाढलं. पंपावर रांगही असते. आम्ही व्हॅनवाले उजाडताच जाऊन उभे राहतो. त्या रांगेत मला गल्लीतल्या सगळ्यांच्या घरातलं कळतं, हा त्यातला फायदा. तुमच्याकडे लिटरचा भाव काय ते कळव. नुसता भाव नको. सगळा जन्म बसच्या डेपोत डिझेल भरण्यात गेलेल्या माणसाची मी मुलगी आहे. अण्णांच्या हिशेबात पाटीवरच्या भावाला अर्थ नसतो, एका दिवसाच्या मजुरीत किती लिटर येतं ते विचारायचं असतं. त्या मापाने सांग, म्हणजे कोणाचा देश बरा ते ठरवू. जो जिंकेल त्याचे अण्णा.

दादाला नमस्कार सांग आणि त्याचं पोट किती वाढलं तेही लिही.

तुझी नणंद


३ नोव्हेंबर

चि. सौ. वन्सं यांस,
अनेक आशीर्वाद.

वयाने तू माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण आशीर्वाद द्यायची संधी मी कशाला सोडू?

तुझी पैज मंजूर. आपल्याकडच्या पैशात धरलं तर इथला लिटरचा भाव ऐकून तू व्हॅन ढकलतच घरी नेशील. पण मी इथे हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करते, आणि माझ्या एका दिवसाच्या मजुरीत जवळजवळ चाळीस लिटर येतं. हा हिशेब मी नाही केला. अण्णांनी इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी केला आणि मला विचारलं, सूनबाई, तुला अधिकारी केलं की काय? आता बोल, तुझ्या एका दिवसात किती येतं? सहा? की सातच्या आसपास? पहिला डाव माझा.

इथे बस ठरलेल्या मिनिटाला येते, नळाला चोवीस तास गरम पाणी असतं आणि दिवे गेलेले मी आल्यापासून पाहिले नाहीत. दुसरा डावही माझाच समज. गाडीचं मात्र विचारू नकोस. ती दारात उभी असते. पेट्रोल परवडतं, पण गावात ती उभी करायला जे पैसे पडतात त्यात आम्ही दोघं बाहेर जेवून येऊ. तुझा दादा रोज संध्याकाळी ती पुसतो आणि आत येतो. पोट तिथूनच आलंय.

अण्णांचा दिनक्रम ऐक. सकाळी कोट घालून कोपऱ्यावरच्या पंपावर जातात, पाटीवरचा भाव वाचतात आणि परत येतात. पंपावरच्या बाईला चार दिवस वाटलं की हा सरकारकडून आलेला तपासनीस आहे. पाचव्या दिवशी तिने घाबरत घाबरत त्यांना कॉफी दिली. अण्णांना तिची भाषा येत नाही, तिला यांची येत नाही, पण भाव वाढला की दोघं एकदमच मान हलवतात.

त्यांचा दुसरा उद्योग घरात आहे. आमचं घर तेलावर तापतं. मागच्या अंगणात तेलाची मोठी टाकी आहे, टँकर येऊन भरून जातो. त्या तेलावर बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी भिंतीतल्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं. अण्णांनी टाकी पाहिली मात्र, त्यांचा चेहरा असा उजळला की जणू पुन्हा नोकरीवर घेतलंय. कुठूनशी लांब काठी पैदा केली, तिच्यावर खुणा केल्या, आणि आता रोज सकाळी झाकण उघडून काठी बुडवतात. मग आम्हाला न्याहारीला सांगतात की काल रात्री तुम्ही डेपोपासून नदीच्या पुलापर्यंतचं डिझेल जाळलंत. तुझा दादा म्हणतो, अण्णा, झोपेत जाळलं, पाप लागणार नाही.

मी हसते खरी, पण तुला खरंच सांगायचं ठरलंय म्हणून सांगते. मला माहेर असं नव्हतंच. मामाकडे वाढले. कामावरून आले की कुलूप उघडायचं आणि आपणच दिवा लावायचा, ही आयुष्यभराची सवय. आता मी पर्समध्ये किल्ली शोधत असते आणि दार आतून उघडतं. मी जिंकायला खेळतेय, वन्सं. गाफील राहू नकोस.

तुझी वहिनी


२६ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

साडेसहा. माझ्या एका दिवसात साडेसहा लिटर येतं, आणि तू ते अंदाजाने बरोबर ओळखलंस याचाच मला जास्त राग आला.

पण तू डाव अर्धाच मांडलास. तुझ्या चाळीसातून घर तापवायचं तेल वजा कर. माझ्या घराला तापवायला काही लागत नाही, उलट मे महिन्यातली उष्णता कोणी फुकट घेऊन गेलं तर मी वर पैसे देईन. आणि डॉक्टरचं काय? मागच्या पत्रात तू मोठ्या खुबीने डॉक्टर वगळलास. दादाच्या गुडघ्याला डॉक्टरांनी जानेवारीतली तारीख दिली, हे तोच फोनवर बोलून गेला. इथे मी अण्णांना व्हॅनमध्ये घालून नेलं की डॉक्टर पाचव्या मिनिटाला जीभ बघतात आणि सहाव्या मिनिटाला माझ्याकडे भाड्याने गाडी मिळेल का विचारतात. हा डाव माझा. शेजाराचाही माझा. तुमच्या शेजाऱ्याचं नाव तुला अजून माहीत नाही. इथे मी दोन शिंका दिल्या की पलीकडच्या काकू औषध घेऊन येतात.

आता जरा गंभीर. अण्णांना थंडी सोसतेय का? फोनवर विचारलं तर म्हणाले, काही नको, सगळं आहे. हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला ते ऐकलं की उगाच काळजी वाटते. त्यांची खोली उत्तरेला आहे, असं दादा म्हणाला. तू जरा बघ. त्यांना विचारू नकोस, ते सांगणार नाहीत. हात लावून बघ.

आमचे हे विचारतात, परदेशातल्या पंपावरची बाई दिसायला कशी आहे. मी म्हटलं, अण्णांना विचारून कळवते.

तुझी नणंद


१६ जानेवारी

चि. सौ. बाळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी इथे सुखरूप आहे. तुझी, जावईबापूंची खुशाली कळवावी. व्हॅनचं ऑइल बदललंस का?

पत्र लिहिण्यास कारण की, माझं परतीचं तिकीट मार्चअखेरचं आहे, ते आधीचं करून मिळतं का याची तू तिकडून चौकशी करावीस. फेब्रुवारीतलं मिळालं तर उत्तम. चिरंजीवांना त्रास नको, ते कामात असतात. तू तिकीट ठरवून मग फोनवर सांगितलंस तर बरं पडेल.

इथे सर्व चांगलं आहे. तक्रार काही नाही. लोक प्रेमळ आहेत. पण तेलाचे भाव फार आहेत आणि माझ्यासाठी एक जास्तीची खोली तापते. म्हाताऱ्या माणसाने आपल्या जागी असावं. सूनबाईला यातलं काही कळवू नये.

तुझ्या हाती व्हॅन आहे, सावकाश चालवावी.

तुझे
अण्णा


१९ जानेवारी

चि. सौ. वन्सं यांस,
अनेक आशीर्वाद.

आज थट्टा जमणार नाही. घडलं ते सरळ सांगते.

मागच्या आठवड्यात तुझ्या दादाला कंपनीने दोन दिवस दुसऱ्या गावी बोलावलं होतं. मलाही सुट्टी होती. अण्णाच म्हणाले, तूही जा, मी काय लहान आहे? आम्ही गेलो. त्या दोन दिवसांत इथे अशी थंडी पडली की अंगणातली बादली तळापर्यंत गोठली. आणि अण्णांनी बॉयलर बंद करून ठेवला. एकट्या माणसासाठी आख्खं घर कशाला तापवायचं, असा त्यांचा विचार. कोट घातला, वर आमची दोन पांघरुणं घेतली आणि आम्ही आल्यावर काठी दाखवून चकित करायचं ठरवलं.

तेल वाचतं तिथे पाणी गोठतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही रोज त्यांच्या काठीला हसलो, पण बॉयलर का बंद करायचा नाही ते सांगायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. माळ्यावरची नळी गोठून फुटली. आम्ही परतलो आणि बॉयलर लावला, तसं तासाभराने छतातून पाणी यायला लागलं. आमच्या गाद्या, कपाट, खालची लाकडी जमीन, सगळं भिजलं. अण्णा हातात परात घेऊन धारेखाली उभे होते. परात भरली की ओतायची कुठे, ते त्यांना कळत नव्हतं.

तुझा दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने परात त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाला की अण्णा, तुम्ही आता कशालाही हात लावू नका.

तो रात्रभर पाणी काढत होता, दमला होता, त्याच्या मनात तसं काही नव्हतं. पण अण्णांनी ते अक्षरशः धरलंय. दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत. अंधारात बसून राहतात. पाणी प्यायचं तर घेऊ का विचारतात. पंपावर जात नाहीत, काठी अंगणात पडलीय. मी कामावरून येते तेव्हा दार उघडत नाहीत, वन्सं. मीच किल्ली लावते, आणि ते आत खुर्चीवर कोट घालून बसलेले असतात. तुझ्या दादाने दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा म्हणाले, माफी कसली, तुझं बरोबरच आहे.

काल त्यांची बॅग पलंगाखालून बाहेर आलेली दिसली. त्यांनी तुला काही लिहिलं असेल तर मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. त्यांना जायचं असेल तर मी अडवणार कोण? पण ते असे जाऊ नयेत. तू त्यांची मुलगी आहेस, तुझं ते ऐकतील. आणि तुला ते हवेत, हेही मला माहीत आहे. तुझ्याकडेच हे मागावं लागतंय, याची मला लाज वाटते.

तुझी वहिनी


४ फेब्रुवारी

ती. अण्णांच्या चरणी,
बालिकेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आधी आलं आणि वहिनीचं आठ दिवसांनी. ते मधले आठ दिवस मी फार खुशीत होते. तिकिटाची चौकशी केली. वीस फेब्रुवारीचं मिळतंय. खोली झाडून घेतली, ह्यांना रंगाचा डबा आणायला पिटाळलं. मग वहिनीचं पत्र वाचलं, तर तुम्ही मला सगळं सांगितलंत आणि छत तेवढं विसरलात.

अण्णा, मी तुमच्यावर रागावले आहे. नळी फुटली त्याचा राग नाही. नळ्या फुटतात. तुमच्या डेपोत तुम्ही एकदा बसच्या टाकीऐवजी साहेबांच्या बुटात डिझेल ओतलं होतंत, हे आईने मला सांगितलंय, आणि तेव्हा तुम्ही नोकरी सोडून पळाला नव्हतात. दुसऱ्या दिवशी हजर झाला होतात.

राग याचा की तुम्ही तिकडे पाहुण्यासारखे राहता. काही नको, सगळं आहे. दोन पांघरुणं घेऊन थंडीत कुडकुडलात, पण खोली थंड आहे हे तोंडातून काढलं नाहीत. तुम्ही काही मागितलंच नाही, तर तुम्हाला काय हवं ते त्या दोघांना कळायचं कसं? दादा चुकीचं बोलला, मी त्याला फोनवर भरपूर ऐकवलंय. पण तो मुलगा आहे तुमचा. मुलगा बापाला टाकून बोलतो, मग तोंड पाडून फिरतो. तसं घरातच होतं, पाहुण्यांशी कोणी तसं बोलत नाही.

मी खोटं नाही बोलणार. तुम्ही यावं असं मला फार वाटतं. गप्प बसले असते आणि तिकीट पाठवलं असतं, तर या महिन्यात तुम्ही खिडकीत बसलेले असतात. पण तोंड लपवून आलेले अण्णा मला नकोत. ते खिडकीत बसले, तरी काही विचारणार नाहीत.

म्हणून माझी एक अट आहे. सूनबाईकडे जा आणि तिला सांगा, मला थंडी वाजते, माझी खोली जास्त तापव. एवढंच. मोठ्याने सांगा. आणि आणखी काही हवं असेल तर तेही सांगा. त्यानंतरही यावंसं वाटलं, तर फोन करा, दुसऱ्या दिवशी तिकीट पाठवते. ते तिकीट मी पंधरा तारखेपर्यंत धरून ठेवायला सांगितलंय.

पेट्रोल पुन्हा वाढलं. ऑइल बदललं.

आपली आज्ञाधारक, पण आज नाही,
बाळी


१ मार्च

चि. सौ. बाळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बुटाची गोष्ट तुझ्या आईने अर्धी सांगितली. बूट साहेबांचे नव्हते, हेडक्लार्कचे होते.

तुझी अट मोठी विचित्र होती. दोन दिवस मी ती खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी सूनबाई कामावरून आली, बूट काढत होती, तेव्हा म्हटलं की सूनबाई, मला थंडी वाजते. ती तशीच एक बूट हातात धरून उभी राहिली. मग जाऊन तिने माझ्या खोलीचं बटण पूर्ण फिरवलं, आणि तिथेच पाठ करून बराच वेळ उभी होती. मला वाटलं बटण बिघडलं. पण ती रडत होती. मग मला म्हणाली की आणखी काय, अण्णा?

आता विचारलंच म्हणून मी सांगितलं. उशी फार उंच आहे. अंघोळीच्या खोलीतला दिवा डोळ्यांवर येतो. चहा पांचट लागतो, साखर वाढवावी आणि पाणी कमी करावं. ती हसत एकेक करत गेली. रात्री चिरंजीव आले, त्यांना उशीचं कळलं. न जेवता तसेच दुकानात गेले आणि तीन निरनिराळ्या उशा घेऊन आले. एकेक डोक्याखाली घालून बघायला लावली. मी मधली ठेवली.

काल टँकर आला होता. चिरंजीवांनी काठी अंगणातून आणून माझ्या हातात दिली. बॉयलर बंद करायचा नाही, एवढं कबूल करून घेतलं. मी कबूल केलं.

पंधरा तारीख गेली, तिकीट तू सोडून दिलं असशीलच. अर्जावर मी काल सही केली. तुला आधी विचारायला हवं होतं. बाळी, तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं. पण तुझं घर चालतं, तुझी व्हॅन चालते, तू खंबीर आहेस. इथे संध्याकाळी दार उघडायला माणूस लागतो. वर्षाआड तुझ्याकडे येईन, तेव्हा दोन-चार महिने राहीन.

पंपावरची बाई मला इतके दिवस आजारी समजत होती. तिच्याकडे भाव उतरला आहे.

तुझे
अण्णा


२३ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

जिंकलीस. डॉक्टर माझा, शेजार माझा, ऊन माझं, आणि अण्णा तुझे. पंच कोणी ठेवले होते, ते एकदा कळायला हवं.

अण्णांचं पत्र मी पंपावरच्या रांगेत वाचलं. मला रडवलं ते अर्जाच्या ओळीने नाही. तू पाठ करून उभी होतीस तिथे हसलेसुद्धा. रडले ते चहाच्या ओळीवर. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, तरी मला व्हॅन पुढे घेता येईना.

तुला वाटेल, चहाला काय रडायचं? आई गेल्यावर डॉक्टरांनी म्हटलं म्हणून मी अण्णांची साखर अर्धी केली. पुढे डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, पण मी विसरले. तेव्हापासून माझ्या घरात ते तसाच पांचट चहा रोज दोन वेळा प्यायले. मी कधी विचारलं तर म्हणायचे, छान झालाय. तुझ्याकडे त्यांना सहा महिनेही झाले नव्हते, आणि तुला त्यांनी साखर वाढव म्हणून सांगितलं.

माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही, वहिनी. मला वाटायचं, सगळं आहे म्हणूनच मागत नाहीत.

अर्जाला माझी संमती लागत असेल तर कळव, लगेच सही करून पाठवते. दादाच्या गुडघ्याचं काय झालं? आणि एक काम कर. ते जे जे मागतील ते मला लिहून पाठवत जा. उशी किती उंच, दिवा कुठला, सगळं. वर्षाने इकडे येतील तेव्हा मी विचारायच्या आधी तयार असेन. मी विचारलं तर ते छानच म्हणतील.

आज साखर दीडपट घालून, पाणी कमी करून चहा केला. फार चांगला लागतो.

अण्णांचा लोभ आता तुझ्या घरी राहायला आलाय. तुझ्यातला थोडा इकडे धाडत जा.

तुझी हरलेली
नणंद